त्या मुठींत काय होतं

प्रमोदच्या बायकोचा, माधवीचा फोन आला तेव्हा मी गाडी सुरू करून काच पुसत होतो. रेडमंडचा नेहमीचा पाऊस, नेहमीची घाई. "प्रमोद गेला," ती म्हणाली. आज दीड महिना झाला. तरी ऑफिसला निघालो की माझा हात स्टिअरिंग त्यांच्या गल्लीकडे वळवतोच. इतक्या वर्षांचं कारपूल, सुटत नाही चटकन.

प्रमोद नागपूरचा, मी पुण्याचा. गाडी एकच, त्यामुळे भांडायला रोज निवांत वेळ. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात सिएटलच्या म्युझियममध्ये चीनमधल्या उत्खननातल्या वस्तू आल्या होत्या. माधवीनं ओढून नेलं म्हणून हा गेला आणि झपाटून परत आला. सिच्वान प्रांतातलं सानशिंगद्वी. विटांच्या मातीसाठी जिथे खणत होते, तिथेच दोन खड्डे सापडले. त्यांत जाळून, तोडून पुरलेले ब्राँझचे मुखवटे, डोळे बाहेर आलेले, कान सुपाएवढे. तोवर सगळे शिकवत की चिनी संस्कृती पिवळ्या नदीकाठी जन्मली आणि तिथूनच बाकीच्यांना शहाणपण वाटलं गेलं. या लोकांचं तर कुठल्या ग्रंथात धड नावही नव्हतं. हे सांगताना प्रमोद माझ्याकडे रोखून बघायचा. "काऊन बे, पुण्याबाहेर माणसं राहत नाहीत का?" त्याला सगळ्यात आवडला तो माणसाहून उंच पुतळा. दोन्ही हात वर, मुठी गोल आणि आतून पोकळ. त्यांत काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. हत्तीचा दात असावा, असं काही जाणकार म्हणतात.

प्रमोदच्या पाच वर्षांच्या लेकीनं, इरानं घरी येऊन तो पुतळा मातीचा केला, माधवीनं ओव्हनमध्ये भाजला आणि प्रमोदनं तो माझ्या डॅशबोर्डवर चिकटवला, मला न विचारता. रोज सकाळी त्याच्या मुठींत काहीतरी नवीन असायचं. दालचिनी, वाढदिवसाची मेणबत्ती, गुंडाळलेली पार्किंगची पावती. "कालची उदबत्ती चूक होती," तो गंभीरपणे म्हणायचा, "आज बघ." त्याच वर्षी तिकडे छंग्दू शहरात बांधकामासाठी खणताना आणखी एक वस्ती निघाली, आणि तिथेही तशाच मुठींचा एक वीतभर माणूस. प्रमोदनं ही बातमी घरचं पत्र आल्यासारखी सांगितली. "म्हणजे ती माणसं संपली नव्हती यार. फक्त घर बदललं होतं." हे वाक्य आता मला सहन होत नाही.

त्याला एकदा त्या खड्ड्यांच्या काठावर उभं राहायचं होतं. पण आम्हा लोकांची सुट्टी म्हणजे नागपूर नाहीतर पुणे, बाकीचं जग नंतर. शेवटी त्यानं तिकिटं काढली, तर तिकडे आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. सगळं कॅन्सल करून हा नागपूरला. "तीन हजार वर्षं थांबले ना खड्डे, अजून एक वर्ष थांबतील." खड्डे थांबले. पुढच्या वर्षी त्याच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. मला अजून त्याचा राग येतो, आणि तो काढायला बाजूच्या सीटवर कुणी नाही.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीला मी तो मातीचा माणूस डॅशबोर्डवरून सोडवून खिशातून नेला होता. प्रमोदनं डोळे उघडले. "आज काय आहे हातात?" मी म्हटलं, काही नाही, तूच सांग. तो जरा हसला. "इराला विचार..." मला वाटलं, गुंगीत बोलतोय.

परवा माधवीला लवकर निघायचं होतं, म्हणून इराला शाळेत मी सोडलं. बारा वर्षांची झाली आहे आता. बाबाच्या सीटवर बसली, डॅशबोर्डवर परत लावलेल्या पुतळ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, इरा, त्याच्या हातांत काय होतं गं?

"माय पिंकी," ती म्हणाली. करंगळीभोवती माती गुंडाळून तिनं त्या मुठी केल्या होत्या. "बाबा न्यू इट, काका. आय टोल्ड हिम द फर्स्ट डे."

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी रोज सकाळी तो काहीतरी घेऊन यायचा. इरानं वाकून करंगळी त्या मुठीत घालून पाहिली. आता जात नाही. फक्त टोक गेलं. तेवढंच आत ठेवून ती पावसाकडे बघत बसली. शाळा आली तरी तिनं बोट काढलं नाही, आणि मीही गाडी बंद केली नाही.