सासूबाईंच्या खुर्च्या आणि श्यामकांतचे पाय

श्यामकांत कुडाळकरला हायडेलबर्गमध्ये खोली मिळाली ती बाराव्या घरी. आधीच्या अकरा घरमालकिणींनी त्याचा चेहरा बघून ‘खोली कालच गेली’ म्हणून दार लावलं होतं. बाराव्या, फ्राऊ हेलविग, त्याला आधी जेवणघरात घेऊन गेल्या आणि सहा खुर्च्या दाखवून म्हणाल्या, "या माझ्या डच सासूबाईंच्या. जपणार असाल तर राहा." ही १९५८ सालची गोष्ट.

खुर्च्या होत्याच तशा. पहिल्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅमच्या कारागिरांना सरळ रेघेचा कंटाळाच आला असावा. काळपट ओकची पाठ लाटेसारखी वर चढलेली, खांद्यांवर आबनुसाच्या काळ्याभोर लाकडाची बोंडं, पाय पायरी-पायरीने खाली रुंद होत गेलेले. मी त्याचा तिथला मित्र, अधूनमधून त्याच्याकडे जायचो; मला त्या सिंहासनाच्या चुलतबहिणी वाटायच्या. श्यामकांत मात्र जेवता जेवता त्यांच्या पाठीवरून अंगठा फिरवत बसायचा. केमिस्ट्रीत डॉक्टरेट करणाऱ्याला हे वेड कुठलं, मला कळेना. वडील ‘फर्निचरच्या धंद्यात’ आहेत, एवढंच त्याने सांगितलं होतं. मी आपलं काचेच्या दारांचं मोठं दुकान डोळ्यांपुढे आणलं होतं.

एका रविवारी फ्राऊ बहिणीकडे गेल्या होत्या. त्यांची परवानगी काढून श्यामकांतने मला आणि माझ्या बायकोला, वसुधाला, आमटीभाताला बोलावलं. मी सवयीने खुर्चीवर मांडी ठोकली.

"अहो, पाय खाली सोडा ना! त्यांच्या सासूबाईंची खुर्ची आहे ती."

बायकोने सांगितल्यावर लगेच ऐकायचं म्हणजे काय! आमटी दुसऱ्यांदा घेऊन मी मांडीसकट ऐसपैस मागे रेललो. कर्र् असा आवाज झाला आणि दुसऱ्या क्षणी मी जमिनीवर, आमटी माझ्यावर. खुर्चीचा मागचा पाय निखळून पडला होता.

"खोली गेली," श्यामकांत म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तोंडी परीक्षा दोन महिन्यांवर आलेली, आणि पुन्हा अकरा दारं ठोठावायची. "फ्राऊ सहाला येतील, सुधीर."

रविवार म्हणजे दुकानं बंद. हातोड्याचा ठक् आवाज झाला तरी शेजारी भांडायला येणार. श्यामकांतने दोन मिनिटं विचार केला आणि पायमोजे काढले. जमिनीवर बसून त्याने खुर्ची उलटी केली आणि निखळलेला पाय दोन्ही पावलांत असा धरला, की हलेल तर शपथ.

"लाकूड शाबूत आहे, नुसता सरस सुटलाय. खुर्ची बनवणारा माणूस शहाणा होता. लाकूड मोडायच्या आधी सांधा सुटावा, असंच बसवलंय त्याने. पुढच्या सुताराची सोय करून गेलाय बघ!"

फ्राऊंच्या कपाटात पुडिंगसाठी आणलेलं जिलेटिन होतं. "हाच सरस, फक्त आंघोळ केलेला," असं म्हणत त्याने ते वसुधाला गरम करायला दिलं. सुरीने आणि कढत पाण्याने जुना सरस खरवडला, नवा लावला, पाय खाचेत बसवला आणि कपडे वाळत घालायची दोरी बांधून लाकडी चमच्याने पीळ दिला. सगळं अगदी बिनआवाजी. आमचे डोळे मात्र त्याच्या पावलांवरच होते.

तेवढ्यात दार उघडलं. फ्राऊ तासभर आधीच आल्या होत्या.

"पाय! माझ्या सासूबाईंच्या खुर्चीवर पाय! हेर कुडाळकर, उद्या सकाळी खोली रिकामी करा."

श्यामकांतने आधी आमच्याकडे पाहिलं. मग जर्मनमध्ये, शब्द न् शब्द सावकाश म्हणाला, "माझे वडील टिश्लर आहेत, सुतार. आमच्याकडे लाकूड पायांतच धरतात. मीही सहाव्या वर्षापासून धरतोय."

माझे कान तापले. मागच्याच महिन्यात माझं डुगडुगणारं टेबल तो बघायला लागला, तेव्हा ‘सोड रे, आपण काय सुतार आहोत?’ असं मी हसत म्हणालो होतो. तो खाली बघत राहिला होता. त्याने हे आमच्यापासून लपवलं, कारण आम्ही लपवावं असेच होतो. मला लाज वाटली, आजही वाटते.

फ्राऊ डोक्यावरच्या टोपीसकट गुडघ्यांवर बसल्या. सांध्यावरून बोट फिरवलं. फट हाताला लागेना.

"तुमचे वडील माइस्टर आहेत?" तिकडे माइस्टर म्हणजे परीक्षा देऊन झालेला उस्ताद कारागीर, त्याचा मान मोठा.

"हो. गावात सगळे त्यांना मेस्त्रीच म्हणतात."

"मग हे आधी सांगायचं! मला आपलं सांगत बसलात, डॉक्टर होणार म्हणून!"

खोली राहिली. उरलेल्या पाचही खुर्च्यांचे सांधे त्याने सवडीने घट्ट केले, आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून दोरी धरायचं काम फ्राऊ स्वतः करायच्या.

दोन महिन्यांनी तो परीक्षा पास झाला. फ्राऊंनी शेजाऱ्यांना बोलावून त्याची ओळख करून दिली, "हे हेर कुडाळकर, माइस्टरांचे चिरंजीव." मग आठवल्यासारखं, "आणि हो, आता डॉक्टरही." श्यामकांत इतका मोकळा हसताना मी पहिल्यांदाच पाहिला. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्याने तीच खुर्ची माझ्यापुढे ओढली.

"बस, सुधीर. आणि मांडी घालूनच बस. सांधा माझा आहे."

मी बसलो. खुर्चीने हूं की चूं केलं नाही.