शीळ कुणी घातली?

उतारावरच्या त्या गावात तिला सगळे ‘वरची’ म्हणत. लग्न झालं, पोरं शाळेत जायला लागली, तरी ती आपली वरचीच. गावाच्याही वर, झाडं संपून नुसता वारा उरतो तिथे, तिच्या माहेरच्यांची वस्ती. त्यांची भाषा वेगळी, चेहरेपट्टी वेगळी, आणि कामाची वाटणी तर पार उलटी. तिकडे जनावरं घेऊन डोंगर चढायचा-उतरायचा बायकांनी, आणि पुरुषांनी घरी बसून घोंगड्या विणायच्या. खालच्या गावात मात्र बायकांनी गवताचे भारे आणावेत, धारा काढाव्यात, पाणी भरावं, लाकडं फोडावीत. पण जनावराचा दोर धरून रस्त्यानं चालायचं? छे! असलं कष्टाचं काम बायकांना झेपतं का!

तिचा नवरा खेचर विकत घ्यायला म्हणून वर गेला आणि बायको घेऊन खाली आला. खेचर नंतर वर्षभरानं आलं, तेही सासऱ्याकडूनच. सासूबाईंच्या मते आधी काय आणायचं हेही पोराला कळलं नाही आणि कुठून आणायचं हेही.

त्या खेचराला गावानं नाव ठेवलं जावईबापू. खाणं भरपूर, काम मनधरणीशिवाय नाही, आणि जरा काही खुपलं की वाटेतच फतकल मारायची. नवऱ्याला हे नाव झोंबायचं, कारण त्या घरचा खरा जावई तो होता.

रोज सकाळी गावाचं दूध कॅनमध्ये भरून जावईबापूच्या दोन्ही अंगांना बांधायचं आणि उतरणीच्या पायवाटेनं खाली सडकेवरच्या डेअरीत पोचवायचं, टँकर निघायच्या आत. शेताचा बराचसा तुकडा दरडीनं नेला होता. आता घरची चूल पेटत होती ती या दूध वाहण्यावरच.

आणि नवरा पडला. शेजारी मागे ओट्यावरून कसा घसरला होता, याची तो चार लोकांना नक्कल करून दाखवत होता. नक्कल इतकी हुबेहूब वठली की लोक आधी खो खो हसले आणि मग त्याला उचलायला धावले. पाय प्लास्टरमध्ये.

दुसऱ्या दिवशी धाकटा दीर खेचर घेऊन निघाला. ओढ्यापाशी जावईबापूंनी बैठक मारली. दिरानं ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. ऊन चढलं, दूध नासलं, आणि टँकर गेला.

डेअरीवाल्याचा निरोप सोबतच आला: उद्याही दूध वेळेत आलं नाही, तर हे काम पलीकडच्या वाडीतल्या माणसाला.

“अरे, त्याच्या कानाशी प्रेमानं बोलायचं,” नवऱ्यानं खाटेवरून शिकवलं.

“दादा, मी बायकोशी नाही बोलत प्रेमानं!”

“म्हणून तीही बसून असते,” सासूबाई म्हणाल्या.

वरची भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “मी नेते.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी कुणाला वास येईना.

“आपल्यात बायका जनावर हाकत नाहीत,” सासूबाई म्हणाल्या.

“आमच्यात हाकतात.”

“तू आता आमच्यात.”

“हो, पण खेचर कुणात?”

गेली कित्येक वर्षं सासूबाई त्या खेचराला ‘तुझ्या माहेरचं ध्यान’ म्हणत आल्या होत्या. आता ते आपल्यातलं आहे असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

“वर आम्ही दोर ओढतच नाही,” वरचीनं सांगितलं. “शीळ घालतो. शीळ ऐकली की ते चालतं. याला लहानपणी मीच शिकवलंय.”

“मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?” नवरा उठून बसायला गेला आणि कळवळला.

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बाईमाणसाच्या तोंडी शीळ शोभत नाही. आणि तुम्हाला तर घालताच येत नाही.”

दीर फिसकन हसला.

सासूबाईंनी बराच वेळ चुलीतली लाकडं उगाच पुढे-मागे केली. मग निकाल दिला. दोर दिराच्या हातात. वरची डोक्यावर टोपली घेऊन मागून चालेल, कुणी विचारलं तर गवताला निघालेली. शीळ घालायची ती ओढ्यापलीकडे, जिथे माणूस नाही तिथे. आणि या दोघांच्या भानगडीवर नजर ठेवायला त्या स्वतः जरा अंतरावरून येतील.

सकाळी वरात निघाली. पुढे दीर, मध्ये जावईबापू, मागे टोपलीखाली वरची, आणि त्यामागे, आपला यांच्याशी काही संबंधच नाही अशा चेहऱ्यानं, सासूबाई.

जावईबापू ओढ्यापर्यंत गेलेच नाहीत. चहाच्या दुकानासमोर, जिथे सगळं गाव कपबशी घेऊन बसलेलं असतं, नेमके तिथे थांबले. दिरानं दोर ताणला. जावईबापूंनी मागचे पाय दुमडले.

“बसतंय, बसतंय!” दुकानदारीण आनंदानं ओरडली. “अगं बाई, आजही नासणार दूध!”

वरचीनं मागे पाहिलं. सासूबाई रस्त्याच्या कडेचं एक झुडूप मोठ्या आस्थेनं न्याहाळत होत्या. खेचर टेकलं की कॅन लवंडणार. दूध गेलं की काम गेलं. काम गेलं की नवरा प्लास्टर निघाल्यावर शहरात कुणाच्या तरी इमारतीवर विटा वाहणार, आणि ती इथे मागे राहणार, वरची म्हणून.

तिनं टोपली खाली ठेवली. दोन बोटं जिभेखाली घातली.

ती शीळ गावानं आधी कधी ऐकली नव्हती. कोंबड्या उडाल्या. एकाच्या हातातली बशी निसटली. जावईबापूंनी कान टवकारले, ताडकन उभे राहिले आणि असे निघाले की दोराच्या टोकाला दीर फरपटतच गेला.

“कुणी घातली ती?” दुकानदारीण कंबरेवर हात ठेवून रस्त्यात आली. “बाईची जात आणि शीळ? वरच्यांची थेरं इथे...”

“मी घातली.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. सासूबाई झुडूप सोडून रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. पुढचे चारही दात पडून जमाना लोटलेल्या त्या तोंडातून फुंकरही धड निघत नसे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

“काकू, तुम्ही?”

“का? माझं तोंड मला चालवता येत नाही का? परत घालून दाखवू?”

काकूंचं तोंड कसं चालतं हे दुकानदारणीला चांगलंच माहीत होतं. ती मुकाट्यानं स्टोव्हकडे गेली.

“उभी काय राहिलीस?” सासूबाई सुनेवर खेकसल्या. “टँकर तुझ्या बापाचा आहे?”

वरची पळत सुटली. टोपली तिथेच राहिली.

टँकरचं इंजिन सुरू असताना दूध पोचलं. डेअरीवाल्यानं कॅनमध्ये नाक घालून वास घेतला, घामाघूम दिराकडे पाहिलं, मग निवांत उभ्या वरचीकडे. “उद्यापासून कुणी यायचं?” त्यानं विचारलं.

“ही येईल,” दीर तळहात फुंकत म्हणाला. “मी मेलो तरी नाही येणार.”

महिने गेले. प्लास्टर निघालं. नवरा अंगणात चालला, ओट्यावर चढला, उतरला.

“बरा झाला की पाय,” तो म्हणाला. “उद्यापासून मी जातो.”

“दुखतोय अजून,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही गं आई.”

“आई मी आहे. मला कळतं. दुखतोय.”

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती कॅन विसळत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण विसळायची थांबली. सकाळी खेचर घेऊन निघताना तिचा चेहरा कसा खुलायचा हे त्यानं इतके दिवस खाटेवरून पाहिलं होतं.

“थोडा दुखतो,” तो म्हणाला.

तेव्हापासून सकाळी वरची खेचर घेऊन निघते आणि सासूबाई गोठ्यात जातात. भाकऱ्या तो थापतो. दाराला आतून कडी घालून. खालच्या गावात हे पुरुषाला शोभत नाही ना! परवा दुकानदारणीनं विरजण मागायला दार वाजवलं, तेव्हा आतून पिठाच्या हातांनी त्यानं ओरडून सांगितलं, “थांबा वहिनी, पाय शेकतोय!”