चारच्या उन्हातला डाग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुला सांगतोय ते मन हलकं करायला नाही — ते हलकं व्हावं असं मला वाटतही नाही. आणि मध्येच 'जाऊ दे रे' म्हणणार असशील, तर इथेच थांब.

चोपड्याच्या रस्त्यावर केळीचं एक पॅकहाऊस आहे. पत्र्याची शेड. धुतलेल्या फण्या सरकत्या पट्ट्यावरून जातात, कडेला बायका उभ्या असतात. आपल्या टप्प्यात डागी फणी दिसली की उचलून बाजूला काढायची, एवढं काम. त्या पट्ट्यावर मी कॅमेरा बसवला. कोणाच्या समोरून डागी फणी निसटली, ते माझा प्रोग्राम सांगणार होता. धुळ्याला शिकलेला इंजिनीअर मी — काय तोरा होता! मालकांना, नानांना, छातीठोकपणे सांगितलं होतं, कुठल्याही उजेडात चालेल.

खरं म्हणजे मी तो फक्त सकाळी तपासला होता. दुपारच्या उकाड्यात त्या पत्र्याखाली कोण उभं राहणार?

वत्सलाअक्का उभ्या राहायच्या. पश्चिमेच्या दाराजवळ, जिथे थोडा वारा लागतो. ती जागा सगळ्यांत जुन्या बाईची, असा तिथल्या बायकांचा रिवाज. त्यावरून कधी भांडण झालं नाही.

कॅमेरा लागला आणि अक्कांच्या नावावर चुका पडू लागल्या. दुसऱ्या कोणाच्या नाहीत, त्यांच्याच, आणि चार वाजल्यानंतरच. नाना म्हणाले, अक्कांना आता दिसत नसेल. मी चित्रण उघडून बसलो आणि — सांगतोच — पाच मिनिटांत कळलं. खरा डाग केळीबरोबर पुढे जातो. हा जात नव्हता. जागच्या जागी होता, केळी त्याच्याखालून सरकत होती. दारातून येणाऱ्या उन्हात अक्कांची सावली पट्ट्यावर पडत होती, आणि माझं यंत्र तिला डाग समजत होतं.

दुसऱ्या दिवशी नानांनी सगळ्यांसमोर विचारलं, मशीन बरोबर आहे ना?

मी हो म्हणालो.

वय कमी होतं? नव्हतं. पोटाचा प्रश्न होता? तोही नाही. खरं बोललो असतो तर नानांनी चार शब्द सुनावले असते आणि आठवडाभरात मी ते दुरुस्त केलं असतं. मला फक्त हुशार राहायचं होतं. यापेक्षा मोठं कारण शोधू नकोस, मी शोधून पाहिलंय.

अक्कांना पट्ट्यावरून काढलं. दाराजवळची जागा रिकामी ठेवली, आणि चुका थांबल्या. थांबणारच! सावली पाडायला तिथे कोणी उरलंच नव्हतं. पण शेडमध्ये सगळे म्हणाले, बघा, मशीन बरोबर होतं. मीही हसलो. पुढच्या खेपेला कॅमेऱ्याभोवती पेटी बसवली, आत स्वतंत्र दिवे लावले. धूळ बसते म्हणून, असं सांगितलं. आज ते यंत्र झकास चालतं आणि मला त्याचा अभिमान आहे. तुला हे आवडणार नाही. न आवडू दे.

पुढे पहूरच्या बाजारात अक्का भेटल्या, सुनेचा हात धरून. मी काही विचारायच्या आधी त्याच बोलल्या.

"डॉक्टर म्हणस, डोया चांगला शेतस. पन भाऊ, मशीन थोडंच खोटं बोलस?"

त्यांनी सुई-दोरा सोडला होता. तांदूळसुद्धा सून निवडत होती. त्या एकट्या रस्ता ओलांडत नव्हत्या — चांगल्या डोळ्यांनी! कोणी आंधळं केलं त्या बाईला? नानांनी नाही. यंत्रानेही नाही, त्याला काय कळतं.

समोर टोपलीत मेथीची जुडी होती. त्यातलं एक पिवळं पान त्यांनी बोलता बोलता अलगद खुडून टाकलं. ते मी पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, तेही मराठीत, कॅमेऱ्याचं शास्त्र सांगायची गरज नव्हती.

मी म्हणालो, "अक्का, जपून राहा. पायाखाली बघून चाला."

त्या हो म्हणाल्या आणि सुनेचा हात आणखी घट्ट धरला.