पात्यावरचं नाव

चर्चमधला पंखा बंद दिसला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. गरमीमुळं नाही. बंद पंख्याचं पातं वाचता येतं, म्हणून.

युसूफ वडगावच्या अलीकडं आमचं गाव. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, दारावर लाकडी क्रूस. माय तिथंच लहानाची म्हातारी झाली. शेवटच्या उन्हाळ्यात दम्यानं तिला खाटेला खिळवलं, पण तिनं एकच हट्ट धरला होता. ईस्टरला चर्चमध्ये बसून प्रभुभोजन घ्यायचं. पाळकसाहेब घरी येऊन भाकर-प्याला द्यायला तयार होते, तर ही म्हणाली, "घरी कावून? मी काय मेले हाय? मंडळीत बसून घेईन." जुन्या माणसांची रीत अशी की प्रभुभोजनाआधी तोंडात पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. त्यामुळं सकाळपासून ती निरंकार. मी अंबाजोगाईहून आदल्या दिवशीच आले होते, तिला रिक्षात घालून नेलं.

दारातच फ्लेक्स. त्यावर आमच्याच गल्लीतला एक जण, डोळ्यांना गॉगल, खाली 'दानशूर व्यक्तिमत्त्व'. येशूचं चित्र कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढं. ह्यानं पुण्यात प्लॉटिंगमध्ये पैसा केला आणि चर्चला पंखे दिले. प्रत्येक पात्यावर लाल रंगात वडिलांचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ', आणि खाली स्वतःचं नाव, बापाच्या नावापेक्षा मोठं. बाप जिवंत होता तेव्हा पुण्याच्या घरात त्याला चार दिवस सुखानं राहू दिलं नाही, हे गावाला ठाऊक आहे.

मायला मी बरोबर पंख्याखाली खुर्ची दिली. पत्रा असा तापलेला की वर बघवत नव्हतं. बटण दाबायला गेले तर शूटिंगवाला आडवा आला. "ताई, पंखे नका लावू. फिरले की नावं दिसत न्हाईत." मला वाटलं, थट्टा करतोय. मी पाळकसाहेबांकडं बघितलं. ते गीतांच्या पुस्तकाची पानं चाळायला लागले. तिथंच मला पहिली शिसारी आली.

उपदेश कशावर, तर धन आणि मान यांच्यापेक्षा देवाची ओढ मोठी कशी, यावर. बोलले बाकी चांगले. मग सत्कार. त्या उकाड्यात फेटा काय, शाल काय, नारळ काय. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. तालुक्याचे पुढारी उशिरा आले, त्यांचा पुन्हा वेगळा सत्कार. बाया पदरानं वारा घेत होत्या. मायची छाती भात्यासारखी वाजत होती.

"घरी जाऊ का, माय?"

"भाकर झाली का?"

"न्हाई."

"मग बस गप."

शेवटी माइकवरून सांगितलं की पुढारीसाहेबांना मांजरसुंब्याला दुसरा कार्यक्रम आहे, जेवण गार होतंय, तेव्हा प्रभुभोजन पुढच्या रविवारी. आणि हे ऐन ईस्टरच्या दिवशी. एक माणूस 'का' म्हणून बोलला नाही. मटणाचा वास आला होता ना, अख्खी मंडळी मांडवाकडं वळली. मीही म्हटलं, चल माय, दोन घास खाऊन घे.

"मी जेवायला न्हाई आले," ती म्हणाली आणि खुर्चीतून हलली नाही.

मांडवात पाळकसाहेब ताट घेऊन बसले होते. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "माझी माय अजून आत उपाशी बसलीय. आधी तिला भाकर द्या, मग रस्सा ओरपा." त्यांचा चेहरा उतरला. हात धुऊन निमूट आले, मेजावरच्या ताटलीवरचं पांढरं फडकं काढलं, प्रार्थना केली. तेवढ्यात मागून आमचे दानशूर, दात कोरत, शूटिंगवाल्याला घेऊन.

"मावशीचा एक व्हिडिओ होऊ दे. लई टचिंग येतंय." मग त्या पोराला, "वरचा पंखा घे बे त्यात."

मायनं पुढं केलेला हात मागं घेतला आणि पदराखाली घातला. पाळकसाहेब भाकरीचा तुकडा धरून तसेच उभे.

"मावशी, हात पुढं करा की. लोकांना तुमची श्रद्धा दिसू द्या."

मायला एका दमात बोलता येत नव्हतं. थांबत थांबत म्हणाली, "लेकरा, तुजा बाप हितंच बसायचा. डोळे मिटून. मला देवासंगं बसायचंय. तू मदी आलास."

तो हसला आणि तिथंच उभा राहिला. तो शरमेनं बाहेर गेला असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. बाहेर पुढाऱ्याची गाडी सुरू झाली, फोटो हुकेल म्हणून तो शूटिंगवाल्यासकट पळाला. तेव्हा कुठं मायनं हात बाहेर काढला. भाकर घेतली, प्याला घेतला, बराच वेळ डोळे मिटून बसली. मग मला म्हणाली, "आता लाव पंखा."

माय पावसाळ्यात गेली. नंतर एका रविवारी गेले तर तिच्या जागेवरच्या पंख्यावर नवा लाल रंग. एका पात्यावर मायचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ', आणि खाली ह्याचं, नेहमीसारखं मोठं. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

मी टर्पेंटाइन आणि फडकं आणलं, स्टूल ओढलं आणि वर चढले. पाळकसाहेब खालून म्हणत होते, "ताई, अहो दानाची वस्तू आहे ती." मी फक्त मायचं नाव पुसलं. त्याचं तसंच ठेवलं. त्याला तेवढंच पाहिजे होतं, तेवढंच मिळू दे.