दातापायी मिळालेला मुलूख

मी तेव्हा सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि अंधश्रद्धांवर वर्गात तावातावाने बोलत होते. घरी मात्र आठ महिन्यांच्या लेकाचा पहिला दात वरच्या हिरडीत दिसला आणि मी आधी दार लावून घेतलं. वरचा दात आधी आला की मामाला जड, असं आमच्याकडे मानतात. मामाने चांदीची वाटी दिल्याशिवाय भाच्याचं तोंड बघायचं नाही. मला पाठचा एकच भाऊ, गिरणीत कामाला, दोन महिने खोकल्याने पोखरलेला. चांदी कुठून आणणार होता!

चार दिवस मी तो दात लपवला. बाळ हसलं की माझा पदर पुढे. रविवारी भाऊ बऱ्याच दिवसांनी अंगणात आला आणि नेमकं तेव्हाच बाळ सासूबाईंकडे बघून खिदळलं.

सासूबाई दारात आडव्या झाल्या. "पावणं, तितंच थांबा. वाटीबिगर आत यायचं न्हाय."

तो उन्हात खोकत उभा राहिला. मला संताप आला, आणि खरं सांगते, भीतीही वाटली. मग शाळेच्या मडमेच्या पुस्तकातली गोष्ट मी सांगून टाकली. बर्फाच्या देशातले लोक मानत की आल्फहाइम नावाचा एक मुलूख आहे, तिथे उजळ कांतीचे यक्ष राहतात, आणि तो अख्खा मुलूख देवांनी एका बाळदेवाला पहिल्या दाताची भेट म्हणून दिला. दात म्हणजे शुभच.

सासूबाईंनी शांतपणे विचारलं, दात वरचा का खालचा? पुस्तकात तसं काही नव्हतं. मी म्हटलं, वरचा. दिला कुणी, मामानं? हो. मग त्या मामाचं पुढं काय झालं? चांगला ठणठणीत आहे, म्हटलं. देवाच्या नावावर तीन थापा मारल्या, पण जीभ अडखळली नाही.

सासूबाई भावाकडे वळल्या. मुलूख नसला तर नसू दे, तुमच्याकडं काय हाय, म्हणाल्या. भावाने गावाकडच्या, दुधनीच्या शेताच्या बांधावरचं चिंचेचं झाड भाच्याला दिलं. त्या बाजूला झाल्या.

मी जिंकले होते. बाळाला पुढे धरत भावाकडे धावले, तर तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने उपरणं तोंडावर धरलं.

"नको, अक्का. त्येच्या दातानं माझं काय व्हनार न्हाय. माज्या खोकल्यानं त्येचं व्हईल. डॉक्टर म्हनला, लेकरापासून लांब ऱ्हा."

अंगणातूनच त्याने भाच्याला डोळे भरून पाहिलं. सासूबाईंनी तांब्याभर पाणी आणलं आणि त्याच्यापासून चार हातांवर ठेवलं.