मलमासाठी लागणारी कडी

थंडी पडली की आमच्या भिंगारच्या घरी आई हातापायांना लावायचं मलम करायची. ते तिच्याकडे सासूकडून आलेलं. सासूला मिशनच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी शिकवलं होतं. पण पाहुण्यांसमोर आई नर्सबाईंना वगळून थेट निजामशाहीतल्या हकिमापर्यंत पोचायची. दर हिवाळ्याला मलम थोडं जुनं होत असे.

मेण मलमलीच्या फडक्यातून गाळायचं, गरम पाण्यात वाटी ठेवून तिळाच्या तेलात विरघळवायचं, ही कामं लहानपणापासून माझी. गुलाबपाणी घालायची वेळ आली की आई मला बाहेर काढून स्वयंपाकघराला कडी लावायची. शिंगणापूर एवढं जवळ, तिथं घरांना दारं नाहीत. आमच्याकडे एका वाटीसाठी कडी.

"वेळ आली की तुलाच देणार, लेकीला," ती म्हणायची. "पोराला काय करायचंय मलम?"

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर भावाचं लग्न झालं. वहिनी कर्जतकडची. पहिल्याच थंडीत मी मेण विरघळवून दिलं. आईनं वहिनीला थांबवून घेतलं आणि मला म्हणाली, "तू बस बाहेर."

कडी लागली.

"मला देणार होतीस ना?" मी नंतर विचारलं.

"तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. घरातलं घरात राहावं."

ते दुसऱ्याचं घर अजून बघायलाही सुरुवात झाली नव्हती.

हकिमाचं गुपित मला ग्रंथालयातल्या एका फाटक्या पुस्तकात सापडलं. गुलाबपाण्यात चिमूटभर टाकणखार विरघळवला की तेल-पाणी एकजीव होतं. काष्ठौषधींच्या दुकानात त्याची पुडी मिळते. पुढच्या थंडीत मी स्वतः केलेली डबी आईपुढे ठेवली. वाटलं होतं, म्हणेल, शेवटी माझीच लेक.

तिनं बोटभर मलम मनगटावर फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे न बघता वहिनीला विचारलं, "सांगितलंस?"

"न्हाई हो, आत्याबाई. देवाशपथ."

"पुस्तकात आहे," मी म्हणाले. "पान दाखवू?"

"आपलं मलम पुस्तकात कसं असेल?"

त्या वर्षी आई एकटीच आत राहिली. कडीबाहेर मी आणि वहिनी. वहिनी मलमलीच्या फडक्याला चिकटलेलं मेण नखानं खरवडत होती.

"तुमचं गेलं ते गेलं, वन्सं," ती हळूच म्हणाली. "माजं कशाला घालवलंत?"

मी उत्तराला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आई म्हणाली, "बाहेर कोण कुजबुजतंय?"