डोडोकाकांची तक्रार

नेदरलँड्सला लोक ट्यूलिप बघायला येतात. आमचे डोडोकाका आले जाब विचारायला. "डच लोकांनी आमचा डोडो पक्षी संपवला, कन्ये. किमान क्षमा तरी मागावी," ओळख झाल्याच्या दुसऱ्याच मिनिटाला ते म्हणाले. काका मॉरिशसचे मराठी. भाषा शाळेत शिकलेले, त्यामुळे ती छापील. नको असलेला चहासुद्धा ते "ग्रहण करणार नाही" म्हणायचे.

आमच्या इमारतीत ते मुलीकडे राहत. रोज सकाळी गावी बहिणीला फोन आणि पहिला प्रश्न एकच: "आक्का, समुद्र कितव्या पायरीवर?" आक्कांचं घर किनाऱ्यालगत, सात पायऱ्यांचं. समोरचं प्रवाळ मेलं, लाटा अडेनात, वाळू वाहून गेली. "तिसऱ्या," आक्का सांगायच्या. मग काका खिडकीतून कालव्याकडे रागाने बघत. "आमचं घर समुद्राच्या वर, ते भिजतं. तुमचं खाली, ते कोरडं. हा कोणता न्याय?"

मी काय बोलणार, मी इथली साधी भाडेकरू.

एकदा, मला डच येतं म्हणून, ते मला नगरपालिकेत घेऊन गेले. डोडो हरवल्याची तक्रार द्यायला! धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण इथे धरणीखाली पाणीच. काउंटरवरची मुलगी मात्र ढिम्म. फॉर्म नीट भरलेला असला की डच माणूस कशालाही हसत नाही.

"पक्षी कधीपासून दिसत नाही?"

"सुमारे साडेतीनशे वर्षं."

"ओळख पटवायची चिप बसवली होती?"

"नाही."

तिने 'नाही'वर खूण केली. सापडल्यास कुठे पोचवायचा, तिथे काकांनी आक्कांचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला.

पुढच्या हिवाळ्यात समुद्र सहाव्या पायरीवर आला. आक्का घर सोडेनात. काका निघाले, दोन जोड गमबूट घेऊन. "बाबा, तिथे धोका आहे," मुलगी रडली. "म्हणूनच जातो," ते म्हणाले. ते गेल्यावर जिन्यात फार सुनं वाटायचं.

वर्षभराने नगरपालिकेचं पत्र माझ्याकडे आलं; फॉर्मवर संपर्कासाठी माझंच नाव होतं. पक्षी अद्याप सापडलेला नाही, तक्रार चालू ठेवायची का, पत्ता तोच आहे का? मी हसत हसत काकांना फोन लावला, पत्र वाचून दाखवलं आणि त्यांच्याच सवयीने विचारलं, "कितवी पायरी, काका?"

"आम्ही आता टेकडीवर राहतो, कन्ये. शाळेच्या मागे."

मी पत्राची घडी घालू लागले. काकाच म्हणाले, "तक्रार चालू ठेवावी. आणि नवा पत्ता अवश्य कळवावा. नाहीतर त्याला जुन्या घरी नेऊन सोडतील. बिचाऱ्याला उडता येत नाही."